पाठमोऱ्यांचा ग्रुप फोटो

फोटोकाकांनी कॅमेऱ्याला लावलेला डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा डोळा लावला. चित्र काही बदललं नाही. घड्याळांच्या दुकानामागच्या अंगणात दोन खुर्च्यांवर नवरा-नवरी बसले होते, मागे घरची माणसं उभी होती, आणि नवरदेव घड्याळजींच्या खुर्चीमागे, जिथे त्यांच्या थोरल्या लेकीचा चेहरा असायला हवा होता, तिथे तिचा अंबाडा होता. अंबाड्यात पाच पिना होत्या. पाचही एका रेषेत. थोरली मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती आणि तिच्या अखत्यारीतली कुठलीच वस्तू वाकडी राहत नसे.

"वळतेस ना, बाळ?" काका म्हणाले.

"नाही," असं उत्तर अंबाड्याकडून आलं.

काकांना वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. पंचेचाळीस वर्षं ते लोकांना हनुवटी वर घ्या, खांदे पाडा, डोळे मिटू नका असं सांगत आले होते. तोंड कॅमेऱ्याकडे करा, हे मात्र कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. तेवढं माणसाला उपजत कळतं, अशी त्यांची समजूत होती.

लग्न सकाळीच आटोपलं होतं. नोंदणी कार्यालयात सह्या करायला नऊ मिनिटं लागली, त्यातली चार पेन शोधण्यात गेली. घड्याळजी एकाहत्तर वर्षांचे, नवरी सहासष्टची. नवरी म्हणजे चौकातल्या दातांच्या डॉक्टर. आता दवाखाना बंद केला असला, तरी घड्याळजींच्या घरातल्या प्रत्येकाच्या तोंडात त्यांनी कधी ना कधी हात घातलेला होता, त्यामुळे त्यांच्यासमोर तोंड उघडायची सगळ्यांनाच थोडी धास्ती होती. त्यांना आता काय म्हणायचं यावर घरात आठवडाभर खल झाला होता आणि शेवटी "डॉक्टर" हेच कायम ठेवायचं ठरलं होतं. वधूपक्ष म्हणजे एकच बाई होती. डॉक्टरांच्या दवाखान्यात तीस वर्षं नंबर पुकारणारी त्यांची मदतनीस. ती एकटी असली, तरी पूर्ण पक्षाच्या तोऱ्यात उजवीकडे उभी होती आणि आपल्या शेजारी वरपक्षातलं कुणी उभं राहू देत नव्हती.

घड्याळजी आणि फोटोकाका पहिलीपासून एका बाकावरचे. पुढे दुकानंही भिंतीला भिंत लावूनच टाकली. घड्याळजींच्या पहिल्या लग्नाचे फोटो काकांनीच काढले होते आणि नऊ वर्षांपूर्वी ती माऊली गेली तेव्हा भिंतीवर लावायला मोठा करून दिला तो फोटोही काकांनीच. तेव्हापासून थोरली रोज शाळा सुटल्यावर वडिलांकडे येई, डबा ठेवी, खिडक्या उघडी, गोळ्यांची डबी तपासी, रात्रीचे दिवे कोणते बंद करायचे ते बजावी आणि आपल्या घरी जाई. नऊ वर्षांत तिचा खाडा झाला तो फक्त एकदा, स्वतःच्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या दिवशी. त्या दिवशी तिने डबा शिपायाबरोबर पाठवला होता.

आणि आता ती पाठ करून उभी होती. काकांच्या मते याचा अर्थ लख्ख होता. लेकीला लग्न मान्य नव्हतं. घरी बसून राहिली असती तर लोक बोलले असते. आली, पण फोटोत तोंड द्यायचं नाही असं ठरवून आली. पाठ फिरवणे हा वाक्प्रचार तिने मुलींना कित्येकदा शिकवला असेल. आज प्रात्यक्षिक होतं.

तिचा मधला भाऊ वकील. त्याने परिस्थितीचा आढावा घेतला आणि खालच्या आवाजात मत दिलं की ताईची भूमिका कायद्याने भक्कम आहे, कारण फोटोत समोर पाहणं म्हणजे संमती असं उद्या कुणीही म्हणू शकतं. त्याची स्वतःची या लग्नाला हरकत नव्हती, पण पाठिंबाही अजून विचाराधीन होता. तेव्हा त्याने नव्वद अंशात वळून एक कान कॅमेऱ्याला दिला. "अर्धा," असं त्याने काकांना समजावून सांगितलं.

धाकटा बेकरी चालवायचा. स्वभावाने तो त्याच्या पावांसारखाच मऊ. लहानपणापासून ताई जे करील ते करायची त्याला सवय, नाहीतर पुढे महिनाभर ऐकून घ्यावं लागायचं. पाठचा भाऊ तो. त्यानेही पाठ केली. त्याची बायको मात्र समोरच बघत राहिली, कारण तिने नवी साडी नेसली होती आणि साडीचं सगळं काम पुढच्या बाजूला होतं. नवरा-बायकोचं हे असं उलटसुलट उभं राहणं बघून त्यांच्या तिन्ही पोरांना वाटलं, खेळ सुरू झाला. पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेली ती तिघंही गर्रकन फिरली.

राहिली आत्या. घड्याळजींची थोरली बहीण, वय ऐंशी. गेल्याच वर्षी डॉक्टरांनी तिला नवी कवळी करून दिली होती आणि तेव्हापासून ती डॉक्टरांच्या बाजूची झाली होती. आत्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की कवळी तोंडात बसवलेली आहे, मानेमागे नाही, तेव्हा ती काही वळायची नाही. असं म्हणून ती कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि तशीच हसत राहिली. पुढचा पाऊण तास ते हसू उतरलं नाही.

घड्याळजींना यातलं काही दिसत नव्हतं. ते पुढे बसले होते आणि मान वळवली की फोटो बिघडतो हे मित्राने त्यांना पन्नासदा सांगितलेलं होतं. "झाला का रे?" असं ते मधूनमधून विचारत होते.

"होतोय," काका म्हणाले.

मग वाटाघाटी सुरू झाल्या. काकांनी बेकरीवाल्याला बाजूला घेऊन समजावलं. त्याला पटलं, तो समोर वळला. ते पाहून वकिलाला वाटलं, घरातली बाजू फिरते आहे, म्हणून तोही आणखी पंचेचाळीस अंश पुढे आला. तेवढ्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंनी, वरपक्षाला एकदा बोलावून जमत नसेल तर पुढचा नंबर घ्यावा, असं काहीतरी टाकलं. वकिलाला ते लागलं. तो मागे गेला, जाताना धाकट्यालाही घेऊन गेला. बेकरीवाल्याची बायको आता नवऱ्यावर चिडली आणि साडीची पर्वा न करता तिने पाठ केली. पण नवरा आधीच पाठमोरा असल्यामुळे ती त्याच्याच पक्षात मोजली गेली. हे लक्षात येताच ती परत फिरली. डॉक्टरांनी पर्समधून पुस्तक काढलं आणि वाचायला घेतलं. दवाखान्यात लोकांना ताटकळत ठेवण्यात त्यांचा जन्म गेला होता. आज आपली पाळी आहे, हे त्यांनी समजून घेतलं असावं.

शेवटी तोडगा वकिलाने काढला. दोन फोटो. एक पुढून, एक मागून. पुढच्यात ज्यांचे चेहरे येतील त्यांची संमती, मागच्यात येतील त्यांची हरकत, आणि दोन्ही फोटो अल्बममध्ये समोरासमोर, सारख्याच आकाराचे. आत्याने विचारलं, मागच्या फोटोत आपलं काय दिसणार. वकील म्हणाला, अंबाडा. आत्याला अंबाडा नव्हता. तरीही ठराव संमत झाला.

काकांनी ट्रायपॉड उचलला. गुडघा दुखत होता, तरी सगळ्या कुटुंबाला वळसा घालून ते अंगणाच्या मागच्या टोकाला, गोदामाच्या दाराशी गेले, तिथे तीन पाय रोवले, आणि कॅमेऱ्याला डोळा लावला.

समोर अंबाडा होता. पाचही पिना एका रेषेत.

थोरली वळली होती. तिच्याबरोबर धाकटा, धाकट्याबरोबर पोरं. वकिलाने दुसरा कान दिला होता. काकांनी ट्रायपॉड उचलला आणि डावीकडे, पाण्याच्या टाकीपाशी नेला. अंबाडा हळूहळू फिरला आणि त्यांच्यासमोर येऊन थांबला. त्यांनी उजवीकडे जाऊन पाहिलं. मग नुसतेच दोन पावलं पुढे, तीन मागे. सूर्यफूल सूर्याकडे वळतं म्हणतात. इथे सूर्यफुलाने सूर्याशी उभा दावा मांडला होता. बाकीचे तिच्या मागोमाग फिरत होते, पण त्यांना आपण कशाला विरोध करतोय याचा विसर पडायला लागला होता. धाकट्याला घेरी आली आणि त्याला पाणी द्यावं लागलं. पोरं मात्र म्हणाली, पुन्हा.

काकांना आता घाम फुटला. पाठ लग्नाकडे असती तर कॅमेरा हलल्याने ती हलायचं कारण नव्हतं. तरी दुसरं कारण सुचेना, म्हणून ते घड्याळजींपाशी जाऊन वाकले आणि म्हणाले की तुझ्या लेकीला हे लग्न पसंत नाही, तिला काहीतरी समजाव.

घड्याळजींनी मित्राकडे बघितलं. बिघडलेलं घड्याळ घेऊन येणाऱ्या आणि मी हात सुद्धा लावला नाही म्हणणाऱ्या माणसाकडे ते असंच बघत.

"अरे, साक्षीदाराची पहिली सही तिची आहे," ते म्हणाले. "पेन पण तिचंच. आणि मघापासून माझा खांदा कोण धरून उभंय, तुला कॅमेऱ्यातून दिसत नाही का?"

काकांनी पाहिलं. थोरलीचा एक हात मागे वळलेला होता आणि तो वडिलांच्या खांद्यावर होता. पाठ करून उभं राहून मागे असा हात धरणं म्हणजे कसरतच होती. वडील बसले तिकडे हात, आणि कॅमेरा असेल तिकडे पाठ, हे दोन्ही सांभाळताना तिची तारांबळ उडत होती. पंचेचाळीस वर्षं माणसांकडे बघून पोट भरलेल्या माणसाला तो हात दिसला नव्हता.

"मग ती चिडलीय कुणावर?"

"मला काय विचारतोस," घड्याळजी म्हणाले. "तिला विचार. माझी मान अवघडलीय."

थोरली आत दुकानात गेली होती, धाकट्यासाठी आणलेला पेला ठेवायला. काका तिच्या मागोमाग गेले. काउंटरवर उघडी पडलेली घड्याळं होती, भिंतीवर चालती होती. काउंटरच्या पलीकडे ती उभी होती आणि इथे, कॅमेरा नसताना, ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. काकांना वाटलं, अंबाडा परवडला.

त्यांनी काय झालं ते विचारलं. उलट तिनेच विचारलं, दोन महिन्यांपूर्वी ती शाळेचे वर्गवार फोटो न्यायला त्यांच्या स्टुडिओत आली होती, तो दिवस आठवतो का. काकांना आठवत नव्हता. तिला आठवत होता. वार मंगळवार होता. टेबलावर दोन पासपोर्ट फोटो शेजारी शेजारी पडले होते, एक बाबांचा आणि एक डॉक्टरांचा.

आता काकांना आठवलं. नोंदणीच्या अर्जाला लागणारे फोटो होते ते. घड्याळजींनी लग्नाच्या चार महिने आधी फक्त त्यांना सांगितलं होतं आणि कुणाला बोलणार नाहीस अशी शपथ घातली होती.

"मी विचारलं, हे दोघांचे फोटो कशाला," थोरली म्हणाली. "तुम्ही म्हणालात, डॉक्टरांना ग्रंथालयाचं कार्ड काढायचंय. आणि बाबांना? बाबांनाही ग्रंथालयाचं. बाबांनी जन्मात पुस्तक उघडलेलं नाही, काका. म्हणून मी सरळ विचारलं की बाबांचं काही चाललंय का. काय म्हणालात, आठवतंय?"

आठवत होतं. तेव्हा त्यांना ते फार सुचल्यासारखं वाटलं होतं, घड्याळजींना जाऊन सांगितलंही होतं आणि दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते.

"म्हणालात, त्याचं काय चालणार, त्याची घड्याळं तरी कुठे चालतात." तिचा आवाज चढला नाही. "मी पण हसले. घरी गेले. आणि त्याच शुक्रवारी, नोंदणी कार्यालयातली नोटीस वाचून, शाळेच्या शिपायाने माझं अभिनंदन केलं. मला वाटलं दहावीच्या निकालाचं. मी त्याला म्हटलं, हे सगळ्यांच्या मेहनतीचं फळ आहे."

काकांना हसू येऊ नये म्हणून गाल आतून चावावा लागला. तिला ते दिसलं. तिच्याही ओठांचा एक कोपरा हलला, पण तिने तो जागच्या जागी आणला.

काका म्हणाले की त्यांनी शब्द दिला होता. मित्र होता. मित्राने शपथ घातल्यावर माणसाने काय करायचं.

"बाबांनी सांगितलं नाही, ते घाबरले म्हणून. नऊ वर्षं दिव्यांच्या बटणांवरून ओरडून मीच त्यांना घाबरायला शिकवलं. ते माझं मी बघीन. त्यांची मी माफी मागितली, त्यांनी माझी मागितली, झालं ते." ती थांबली. "तुम्ही कशाला घाबरलात? मी चार दिवसांची असताना माझा पहिला फोटो तुम्ही काढला. पहिला दात पडला तेव्हा तुम्ही. आईच्या शेवटच्या दिवसांत तिला आवडेल असा माझा फोटो हवा होता, तोही तुम्हीच काढलात आणि कॅमेऱ्यामागे उभे राहून रडत होतात, मला दिसत होतं. इतकी वर्षं मी तुमच्याकडे बघत आले. मला एकदा खोटं बोलून वर हसायला लावलंत, एवढंच झालं, म्हणाल. पण आज कॅमेऱ्याकडे बघायचं म्हटलं की तुमच्याकडे बघावं लागतं. माझ्याच्याने ते होईना."

भिंतीवरच्या घड्याळांत कुठल्यातरी एकाने अकरा वाजवले, दुसऱ्याने सव्वाबारा. काकांनी चष्मा काढला. त्यांना बरंच काही सांगायचं होतं. मित्राने पन्नास वर्षांनी पुन्हा एक गुपित सांगितलं, याचाच त्यांना इतका हर्ष झाला होता की ते गुपित दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं होतं हे ध्यानातच आलं नव्हतं. पण हे सगळं लांबलचक होतं आणि बाहेर माणसं उन्हात उभी होती.

"चुकलो," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

बाहेरून घड्याळजींचा आवाज आला, झाला का रे. ती दाराकडे निघाली आणि जाता जाता तिने सांगितलं की फोटो ती काढील.

काकांनी पंचेचाळीस वर्षांत आपल्या कॅमेऱ्याला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. ते तिच्या मागे धावले, प्रकाशाचं, अंतराचं, बोट किती दाबायचं याचं सांगत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कॅमेऱ्यामागे उभी राहिली. तशी एक अडचण उभी राहिली. ताई कॅमेऱ्यामागे गेल्यावर तिचे पाठीराखे अनाथ झाले. धाकट्याने विचारलं, आता पाठ कुणाकडे करायची. वकिलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, प्रकरण निकालात निघाल्यासारखं दिसतं. दोघं समोर वळले. पोरं हिरमुसली. डॉक्टरांनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं.

"आणि मी?" काका म्हणाले. घरच्या कुठल्याच फोटोत ते नव्हते. कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला उभं कसं राहतात, याची त्यांना कल्पना नव्हती.

थोरलीने पोरांच्या रांगेकडे बोट दाखवलं. तिथे एक बुटकं स्टूल ठेवायला लावलं, घड्याळजींच्या गुडघ्यापाशी, थोडं कडेला.

"बसा. माझ्याकडे पाठ करून."

काका स्टुलावर बसले, फिरले आणि त्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ केली. दोन्ही बाजूंना पोरं, समोर मित्राचे गुडघे, वर मित्राचं तोंड.

"शाळेत बाईंनी शिक्षा म्हणून असं पाठमोरं उभं केलं होतं तेव्हा आपण दोघं होतो," घड्याळजी ओठ न हलवता म्हणाले. "आज तू एकटाच."

"हलू नका," पाठीमागून आवाज आला.

ती घाई करत नव्हती. हलू नका म्हटल्यापासून बटण दाबेपर्यंत किती काळ जातो, हे काकांना प्रथमच कळत होतं. कुठे बघावं समजेना, म्हणून ते मित्राकडे बघू लागले. हनुवटीखाली दाढीचा एक पट्टा राहून गेला होता. कॉलरचं टोक वर आलं होतं. ते नीट करायला त्यांचा हात उचलला गेला आणि तिथेच थांबला, कारण कॉलरच्या वर त्यांना मित्राचा चेहरा दिसला. घड्याळजी डॉक्टरांकडे बघत नव्हते, कॅमेऱ्याकडेही नाही. ते आपल्या लेकीकडे बघत होते, आणि ती त्यांना कॅमेऱ्याच्या काचेतून बघत असणार, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. शेजारी डॉक्टरांनी पुस्तकातलं बोट काढून हळूच त्यांच्या मनगटावर ठेवलं होतं.

चार महिने हा माणूस असा दिसत असणार. काका गुपित राखण्यात गुंतले होते. सकाळपासून ते प्रकाश कुठून येतो ते बघत होते, आणि प्रकाश तर इथे होता.

क्लिक झालं.

माणसं सैल झाली. पोरं उठून पळाली. काका उठले नाहीत.

"काका, वळा आता," थोरली म्हणाली. ते वळले. ती कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात बघत होती, कपाळाला आठी घालून, वर्गाच्या वह्या तपासताना घालते तशी. आत्याचे डोळे मिटलेत, ती म्हणाली. आत्या म्हणाली, डोळ्यांचं कोण बघतं, दात आलेत ना. पण थोरली ऐकणार नव्हती. तिने टाळी वाजवली, पोरांना परत बोलावलं, वकिलाची मान सरळ केली, बेकरीवाल्याच्या बायकोला साडीसाठी एक पाऊल पुढे घेतलं. मग स्टुलाशी येऊन थांबली.

"मी कसा बसू?" काकांनी विचारलं.

तिने त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ. मग वाकून त्यांच्या खांद्यावरचा कसलासा कचरा झटकला.

"तुम्हाला वाटेल तसे," ती म्हणाली आणि कॅमेऱ्याकडे गेली.

सगळे सज्ज झाले. सगळ्यांची तोंडं समोर होती. काका क्षणभर तिच्याकडे बघत राहिले, मग दोन्ही हात स्टुलाला टेकून त्यांनी सावकाश गुडघा सांभाळला आणि आपण होऊन पाठ केली.

"अरे, वळ की," घड्याळजी पुटपुटले. "आता ती काही म्हणणार नाही."

"तू गप्प बस," काका म्हणाले आणि हात उंचावून त्यांनी मित्राची कॉलर सरळ केली. "मला इथूनच बघायचंय."